‘ती दिसली’ आणि ‘तिने पाहिले’: दादरच्या एका इंग्रजी व्याकरणवर्गाविषयी

दादर पश्चिमेला, स्थानकापासून चालत जाण्याच्या अंतरावर, एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर दर रविवारी सकाळी इंग्रजी व्याकरणाचा वर्ग भरतो. मराठी माध्यमात शिकलेल्या आणि आता कचेरीत रोज इंग्रजीतून टिपणे व अहवाल लिहावे लागणाऱ्या प्रौढांसाठी तो आहे. दोन-दोन तासांच्या आठ बैठका, एकूण शुल्क २,४०० रुपये, तुकडीत आम्ही चौदा जण. ‘फाडफाड इंग्रजी’चे आश्वासन देणाऱ्या पाट्या मुंबईत जागोजागी दिसतात, पण केवळ व्याकरण, आणि तेही मराठीच्या आधाराने शिकवणारा वर्ग मला यापूर्वी सापडला नव्हता. पाचव्या व सहाव्या बैठकीत जे शिकायला मिळाले त्याविषयीच येथे लिहितो, कारण माझ्या मते या वर्गाचे खरे मोल त्यात आहे.

विषय होता भूतकाळी लिंकिंग व्हर्बनंतर, म्हणजे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडणाऱ्या क्रियापदानंतर, येणाऱ्या विशेषणाचा. महाराष्ट्रातील मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले ते २००० साली. त्याआधीच्या आमच्या पिढीने ते पाचवीत सुरू केले आणि क्रियापदाला चिकटणारा शब्द म्हणजे क्रियाविशेषण, त्याच्या शेवटी ‘ली’ हवेच, एवढे मनाशी घट्ट धरून ठेवले. त्यामुळे ‘द सूप टेस्टेड नाइसली’ हे वाक्य मला कित्येक वर्षे निर्दोष वाटत आले. चुकीचे मूळ मात्र शाळेपेक्षा आपल्या भाषेत आहे, हे बाईंनी पहिल्या दहा मिनिटांत दाखवून दिले. ‘ती छान गायली’ आणि ‘ती छान दिसली’ या दोन्ही वाक्यांत आपण एकच ‘छान’ वापरतो. पहिल्यातले ‘छान’ गाण्याच्या क्रियेविषयी सांगते, दुसऱ्यातले तिच्याविषयी. पण शब्दाचे रूप बदलत नसल्यामुळे हा भेद आपल्याला कधी पाहावाच लागत नाही. इंग्रजीत तो पाहावा लागतो: ‘शी सँग वेल’, पण ‘शी लुक्ड नाइस’.

त्यानंतर त्यांनी फळ्यावर दोन वाक्ये लिहिली: ‘शी लुक्ड अँग्री’ आणि ‘शी लुक्ड अँग्रिली ॲट द कंडक्टर’. नियम न सांगता त्यांनी आम्हाला दोन्हींचे मराठी करायला लावले. पहिल्याचे झाले ‘ती रागावलेली दिसली’, दुसऱ्याचे ‘तिने कंडक्टरकडे रागाने पाहिले’. इंग्रजीत क्रियापद एकच, ‘लुक्ड’. मराठीत मात्र दोन स्वतंत्र क्रियापदे. ‘टेस्टेड’चेही तसेच: ‘आमटी खारट लागली’ आणि ‘तिने आमटी सावकाश चाखली’. ‘फेल्ट’चे: ‘कापड हाताला मऊ लागले’ आणि ‘त्याने कापड हलकेच चाचपले’. दिसली, लागली, वाटली अशा क्रियापदांकडे मन वळले की इंग्रजीत विशेषण. पाहिले, चाखले, चाचपले असे झाले की क्रियाविशेषण.

यापुढची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटली. भूतकाळात मराठी सकर्मक क्रियापदाचा कर्ता ‘ने’ हा प्रत्यय घेतो, म्हणून ‘तिने पाहिले’ पण ‘ती दिसली’. वर्तमानकाळात ही खूण नाहीशी होते, कारण ‘ती पाहते’ आणि ‘ती दिसते’ यांत कर्त्याचे रूप सारखेच राहते. म्हणजे लिंकिंग व्हर्ब ओळखण्याची कसोटी भूतकाळात आपल्याच व्याकरणाने आपल्या हाती ठेवली आहे. तिच्या मर्यादाही बाईंनी लगेच सांगितल्या. ‘मी’ आणि ‘तू’ यांना ‘ने’ लागत नाही. शिवाय ‘गायली’, ‘धावली’ अशा क्रियापदांना ही कसोटी लावून उपयोग नाही, ती ज्ञानेंद्रियांच्या क्रियापदांपुरतीच. अशा ठिकाणी इंग्रजीची स्वतःची कसोटी घ्यावी: क्रियापदाच्या जागी ‘वॉज’ घालून पाहावे. ‘द सूप वॉज सॉल्टी’ उभे राहते, ‘शी वॉज अँग्रिली ॲट द कंडक्टर’ कोसळते. शालेय मराठी व्याकरणातले विधिविशेषण, म्हणजे ‘मुलगा हुशार आहे’ यातले नामानंतर येणारे ‘हुशार’, हेच इंग्रजीत या क्रियापदांनंतर येते, हे कळल्यावर तो जुना पारिभाषिक शब्द मला प्रथमच उपयोगाचा वाटला.

आणखी एक अडचण त्यांनी नेमकी पकडली. आपण ‘मला राग आला’, ‘मला भूक लागली’, ‘मला भीती वाटली’, ‘मला कंटाळा आला’ असे म्हणतो. राग, भूक, भीती, कंटाळा ही सारी नामे. इंग्रजीला या जागी विशेषण हवे असते: ‘आय वॉज अँग्री’, ‘आय फेल्ट हंग्री’, ‘आय वॉज अफ्रेड’, ‘आय वॉज बोअर्ड’. शेवटच्या वाक्यात ‘बोअरिंग’ लिहिले तर मी इतरांना कंटाळा आणला असा अर्थ होतो, आणि ही चूक आमच्या तुकडीतील निम्म्याहून अधिक वह्यांत होती. ‘मला वाईट वाटले’ याला ‘आय फेल्ट बॅड’ म्हणावे. ‘बॅड्ली’ अनेक इंग्रजी भाषकही म्हणतात, परंतु काळजीपूर्वक लेखनात विशेषणच ठेवावे, हे त्यांचे मत मला पटले. ‘शी लुक्ड वेल’ यातले ‘वेल’ मात्र प्रकृती बरी असण्याचे विशेषण आहे.

सहाव्या बैठकीत अवस्था बदलल्याचे सांगणारी क्रियापदे होती. दूध नासले, ‘द मिल्क वेंट बॅड’. पाने पिवळी पडली, ‘द लीव्ज टर्न्ड यलो’. विहीर आटली, ‘द वेल रॅन ड्राय’. स्वप्न खरे झाले, ‘द ड्रीम केम ट्रू’. ‘आजारी पडला’ आणि ‘ही फेल इल’ यांत दोन्ही भाषांनी पडण्याचेच क्रियापद निवडले आहे, याचा मला मनापासून आनंद झाला. अशा रीतीने येणारे ‘वेंट’ बहुधा बिघाडाकडे झुकते, म्हणून दूध ‘वेंट बॅड’ होते, पण ‘वेंट गुड’ होत नाही. या भागाला पूर्ण बैठक द्यायला हवी होती. तो चाळीस मिनिटांत उरकला गेला.

उणिवा आहेत, आणि शुल्क घेणाऱ्या वर्गाविषयी त्या स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. छापील पुस्तिकेत क्रियापदांचा नुसता तक्ता पाठांतरासाठी दिला आहे. वर्गात जे समजावले त्याचा तिच्यात मागमूस नाही. कचेरीच्या लेखनात रोज लागणारी ‘रिमेन्ड’ आणि ‘प्रूव्ड’ ही क्रियापदे एका ओळीत आटोपली आहेत. ‘द अकाउंट रिमेन्ड इनॅक्टिव्ह’, ‘द रेकॉर्ड्स प्रूव्ड इनकम्प्लीट’ असे एकही उदाहरण नाही. ‘फ्रेंडली’, ‘लोन्ली’ ही ‘ली’ने संपणारी विशेषणे तर पुस्तिकेत नाहीतच. जे विद्यार्थी ‘ली’ दिसताच क्रियाविशेषण समजतात, ते ‘ही सीम्ड फ्रेंडली’ हे बरोबर वाक्य चूक म्हणून खोडतील. खोलीतील ध्वनिक्षेपक मागच्या बाकांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून लवकर जाऊन पुढे बसावे.

‘द गेट वॉज क्लोज्ड’ या वाक्यात ‘क्लोज्ड’ विशेषण की कर्मणी प्रयोगाचा भाग, असे मी सहाव्या बैठकीच्या शेवटी विचारले, तेव्हा वेळ संपला होता. पुढच्या रविवारी बाई स्वतः दोन पाने उदाहरणे लिहून घेऊन आल्या. ‘आम्ही पोहोचलो तेव्हा फाटक बंद होते’ येथे ते विशेषण. ‘रखवालदाराने दहा वाजता फाटक बंद केले’ असा अर्थ असेल तेथे ते कर्मणी. ती दोन पाने झेरॉक्स करून त्यांनी चौदाही जणांना दिली, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.