पुड्या देणारा दवाखान्याच्या दारातच उभा असतो

माझ्या दिराला बायपोलर आजार आहे, म्हणजे मन कधी भलतंच उसळतं, कधी पार खचतं. त्यावरच्या लिथियमच्या गोळ्यांवर तो चांगला होता, तासगाव भागात द्राक्षबागांच्या छाटणीला जायचा. पण मिरजेला तारखेला जायचं म्हणजे हजेरी बुडवायची, रक्त द्यायचं, आणि दर खेपेला नव्या डॉक्टरला पहिल्यापासून सगळं सांगायचं. त्यात गोळ्यांनी हात थरथरायचे. कात्री धरली की सोबतचे हसायचे.

दवाखान्याबाहेर चहाच्या गाड्यावर एक गृहस्थ भेटले. "माझा भाऊ असाच होता, वहिनी. मुळापासून बरा झाला." त्यांनी आमचं सगळं ऐकून घेतलं. इतकं निवांत आतमध्ये कुणी ऐकलं नव्हतं, हेही खरंच.

मग पुड्या सुरू झाल्या. लेबल नाही, पावती नाही, पैसे भलत्याच नावाच्या खात्यावर. अट एकच: इंग्रजी गोळ्या बंद, डॉक्टरकडे फिरकायचं नाही.

सुरुवातीला गुण आला असंच वाटलं. थरथर गेली, सारखी लागणारी तहान गेली, झोप गाढ. थरथर आणि तहान गेली ती लिथियम सुटल्यामुळे. झोपेचं म्हणाल, तर पुडीत झोपेची गोळी कुटून घातली असावी, असा डॉक्टरांना नंतर संशय आला. आणि गृहस्थांचा फोन न चुकता यायचा, "कसं आहे आता?" म्हणून. दवाखान्यातून तारीख चुकली तरी कधी फोन आला नाही.

दिवाळीनंतर झोप उडाली. रात्रभर बडबड, खिशात दमडी नसताना ट्रॅक्टरचा सौदा. फोन केला तर म्हणे, "आजार बाहेर पडतोय, पुड्या वाढवा." नंतर फोनच बंद.

गोळ्या सोडल्या म्हणून डॉक्टर झापतील, या भीतीनं घरात कुणी मिरजेचं नाव काढेना. अशा माणसांचा धंदा याच भीतीवर चालतो. प्रत्यक्षात कुणी ओरडलं नाही. रक्त तपासलं, लिथियम पुन्हा चालू केलं. थरथरीसाठी डोस कमी-जास्त करता येतो, हेही तेव्हाच कळलं.

तारखेला जाणं जमत नसेल तर गोळ्या परस्पर बंद करू नका, १४४१६ ला फोन करा. टेली-मानसची ही मानसिक आरोग्याची सरकारी सेवा फुकट आहे, मराठीत बोलता येतं. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर कळवा. उरलेल्या पुड्या रागानं उकिरड्यावर टाकू नका. अन्न व औषध प्रशासनाकडे तक्रार करताना दाखवायला दुसरं काहीच नसतं.