बाळाच्या नावांचे ॲप आणि ‘मार्तंड’

भाच्याच्या बारशासाठी नावे शोधताना मोबाइलवरील एक ॲप पैसे भरून घेतले आणि त्याची पारख करण्यासाठी हल्ली क्वचितच ठेवले जाणारे ‘मार्तंड’ हे नाव त्यात तपासले. मांडणी सुटसुटीत आहे, जाहिरातींचा त्रास नाही. चरणाक्षरावरून, म्हणजे जन्मनक्षत्राच्या चरणाला ठरलेल्या आद्याक्षरावरून, शोधण्याची सोय तर उत्तमच: मघा नक्षत्राच्या पहिल्या चरणाचे ‘मा’ निवडताच मार्तंड हजर झाले. मघा सिंह राशीत आणि सिंहेचा स्वामी सूर्य, त्यामुळे पत्रिका पाहणाऱ्यांना हा योग आवडावा.

नावाची माहिती मात्र ‘अर्थ : सूर्य, मूळ : संस्कृत’ एवढ्यावरच आटोपली आहे. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलातील ७२व्या सूक्तानुसार अदितीने आठ पुत्रांपैकी सात देवांकडे नेले आणि आठव्या मार्तांडाला दूर टाकले. मृत अंडापासून झालेला, अशी या शब्दाची फोड करतात. मार्कंडेय पुराणातील कथा निराळी आहे: गर्भारपणी कडक उपवास करणाऱ्या अदितीला ‘हा अंड मारतेस की काय?’ असे कश्यप रागाने विचारतात आणि त्या उद्गारावरूनच पुत्राचे नाव पडते. ‘मृत’ ऐकून घरातील वडीलधारी मंडळी बिचकतात, तेव्हा नेमकी ही कथा हाताशी असायला हवी.

काश्मीरमध्ये अनंतनागजवळ ललितादित्याने आठव्या शतकात उभारलेले मार्तंड मंदिर किंवा १७४१ मध्ये कोलाचेल येथे डचांना हरवणारे त्रावणकोरचे मार्तंड वर्मा यांचा उल्लेख नाही, हे एकवेळ सोडून देता येईल. पण मराठीत चालणाऱ्या ॲपला खंडोबाचा विसर पडावा, हे पटत नाही. खंडोबा म्हणजे मार्तंडभैरव, आणि जेजुरीच्या देवस्थानाचे नावच मुळी ‘श्री मार्तंड देवसंस्थान’ असे आहे. त्याच देवाचे ‘मल्हार’ हे नाव आज घरोघरी ऐकू येते आणि मार्तंड मागे राहिले, हे या यादीतही दिसते: मल्हारला परिच्छेदभर माहिती, मार्तंडला एक ओळ.

भाग्यांकाचा विभाग तर विनोदीच आहे. तो रोमन अक्षरांवरून काढलेला असल्यामुळे स्पेलिंगमध्ये एक ‘ए’ वाढवला की बाळाचे भाग्य बदलते. उच्चार ऐकवणारे बटण दाबल्यावर ‘मार्टंड’ असे ऐकू येते, तेव्हा ते न दाबलेलेच बरे. अक्षरावरून यादी काढण्यापुरती महिन्याची वर्गणी वसूल होते; वर्षभराची भरू नये.