लॅपटॉपमधला ५०७० आणि डेस्कटॉपमधला ५०६० टीआय: गेमिंगसाठी काय घ्यावं?

समोर दोन कोटेशन आहेत. एकावर गेमिंग लॅपटॉप, आत एनव्हिडिया कंपनीचं आरटीएक्स ५०७० हे ग्राफिक्स कार्ड, म्हणजे गेमचं चित्र काढणारा भाग. दुसरं मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरच्या दुकानातलं, असेंबल केलेल्या डेस्कटॉपचं, त्यात आरटीएक्स ५०६० टीआय. आकडा मोठा म्हणून लॅपटॉप सरस वाटतो, शिवाय तो उचलून नेता येतो. पण ही दोन्ही कार्डं एकाच चिपवर बेतलेली आहेत. दोन्हींत कोर, म्हणजे चित्राचं गणित करणारे छोटे घटक, ४६०८ आहेत. फरक विजेचा आहे: लॅपटॉपमधल्या कार्डाला साधारण १०० वॅट मिळतात, डेस्कटॉपमधल्याला १८०. लॅपटॉपमध्ये मेमरी ८ जीबी, डेस्कटॉपचं कार्ड १६ जीबीतही मिळतं. म्हणजे नावाने धाकटं असलेलं कार्डच जास्त दमाचं निघतं.

म्हणून तुलनेला बसताना नावं बाजूला ठेवा आणि वॅट वाचा. वेग, आवाज, उष्णता, वीजबिल, यूपीएस किती मोठा लागेल, मशीन किती वर्षं टिकेल, हे सगळं शेवटी वॅटवर येऊन थांबतं. या कार्डांच्या ५० मालिकेतला फरक असा:

| कार्ड | डेस्कटॉप | लॅपटॉप |
|---|---|---|
| ५०६० | ३८४० कोर, ८ जीबी, १४५ वॅट | ३३२८ कोर, ८ जीबी, ४५ ते १०० वॅट |
| ५०७० | ६१४४ कोर, १२ जीबी, २५० वॅट | ४६०८ कोर, ८ जीबी, ५० ते १०० वॅट |
| ५०८० | १०७५२ कोर, १६ जीबी, ३६० वॅट | ७६८० कोर, १६ जीबी, ८० ते १५० वॅट |
| ५०९० | २१७६० कोर, ३२ जीबी, ५७५ वॅट | १०४९६ कोर, २४ जीबी, ९५ ते १५० वॅट |

वर जावं तशी दरी रुंदावत जाते. ५०६० पाशी दोघं जवळजवळ आहेत, ५०९० पाशी लॅपटॉपच्या वाट्याला निम्मेसुद्धा कोर येत नाहीत. त्यामुळे लॅपटॉपच घ्यायचा ठरला असेल तर ५०६० मध्ये पैशाचा मोबदला चांगला मिळतो. लॅपटॉपमधल्या ५०७० ला मेमरी तेवढीच ८ जीबी असल्याने तिथे जादा पैसे टाकण्यात अर्थ नाही. एक पायरी चढायचीच असेल तर सरळ ५०७० टीआयवर जा, लॅपटॉपमध्येही त्याला १२ जीबी मिळते.

मेमरीवर एवढा जोर द्यायचं कारण आहे. गेमचं टेक्श्चर (वस्तूंच्या पृष्ठभागांची चित्रं) कार्डाच्या मेमरीत मावलं नाही की ते मशीनच्या साध्या रॅममध्ये सांडतं आणि तिथून आणायला वेळ लागतो. सरासरी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला दिसणाऱ्या चित्रांची (फ्रेमची) संख्या, ठीक दिसतो, पण कॅमेरा वळवला की हिसका बसतो. ८ जीबीवर हा त्रास दिसला तर आधी टेक्श्चरची सेटिंग अल्ट्रावरून हायवर आणा. रे ट्रेसिंगही (प्रकाश-सावल्या खऱ्यासारख्या दाखवणारी सेटिंग) मेमरी खातं, ते त्यानंतर बघा.

लॅपटॉपच्या रकान्यातली '४५ ते १००' ही पट्टी नीट बघा. एकाच नावाच्या दोन लॅपटॉपांपैकी एकाला ६० वॅट दिलेले असतात, दुसऱ्याला १००, आणि खोक्यावर दोन्हीकडे फक्त '५०६०' छापलेलं असतं. दुकानात सुरू लॅपटॉप मिळाला तर एनव्हिडिया कंट्रोल पॅनेल उघडा, खाली डाव्या कोपऱ्यात 'सिस्टीम इन्फर्मेशन' दाबा आणि 'मॅक्सिमम ग्राफिक्स पॉवर' ही ओळ वाचा. ऑनलाइन घेत असाल तर कंपनीच्या संकेतस्थळावर त्याच मॉडेल क्रमांकाच्या तपशिलात 'टीजीपी', म्हणजे कार्डाला मिळणारे वॅट, शोधा. तो आकडा लपवलेला असेल तर ते मॉडेल सोडून द्या. त्याच बैठकीत आणखी दोन गोष्टी तपासा. पहिली, ग्राफिक्स कार्ड थेट पडद्याला जोडणारा एमयूएक्स स्विच आहे का. नसेल तर ग्राफिक्स कार्डाने काढलेली प्रत्येक फ्रेम प्रोसेसरमधल्या अंगभूत ग्राफिक्समधून पडद्यावर जाते आणि फ्रेम कमी होतात. दुसरी, पडदा. तपशिलात '४५ टक्के एनटीएससी' लिहिलेलं असेल तर रंग फिके दिसणार. '१०० टक्के एसआरजीबी' असलेला घ्या.

पैशाचा हिशेब सारखा मांडा

लॅपटॉपच्या किमतीत पडदा, कीबोर्ड, स्पीकर, वेबकॅम, वायफाय, बॅटरी आणि बहुतेकदा विंडोजही आलेलं असतं. डेस्कटॉपच्या कोटेशनमध्ये यातलं काहीच धरलेलं नसतं. म्हणून तुलना करताना डेस्कटॉपच्या बेरजेत मॉनिटर, कीबोर्ड-माउस, हेडफोन, यूपीएस, विंडोजचं लायसन्स आणि मदरबोर्डवर वायफाय नसेल तर त्याचं कार्ड हे सगळं मिळवा. तळाच्या बजेटमध्ये ही बेरीज लॅपटॉपच्या बरीच जवळ येते. बजेट वाढलं की डेस्कटॉप झपाट्याने पुढे जातो, कारण या जोडवस्तूंचा खर्च फारसा वाढत नाही आणि जादा रक्कम थेट ग्राफिक्स कार्डात जाते.

सध्या यात एक अडचण आली आहे. २०२५ च्या शेवटी रॅमच्या किमती भडकल्या, कारण चिप बनवणाऱ्या कंपन्यांचा माल एआयच्या डेटा सेंटरांकडे वळला. डिसेंबर २०२५ मध्ये मायक्रॉनने तर सामान्य ग्राहकांसाठीचा 'क्रूशियल' हा ब्रँडच बंद करत असल्याचं जाहीर केलं. सुटे भाग घेणाऱ्याला ही झळ आधी बसते, म्हणून जुन्या दराने भरलेला लॅपटॉपचा साठा दुकानात असेल तर त्याचं पारडं एरवीपेक्षा जड आहे. तरीही डेस्कटॉपच घ्यायचा असेल तर रॅम वाचवायला १६ जीबीवर थांबा, पण दोन काड्यांचा एकच किट घ्या. आज एक काडी आणि सहा महिन्यांनी दुसऱ्या कंपनीची दुसरी असं केलं की एक्स्पो (रॅम तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करताना मशीन अडखळतं. लॅपटॉपमध्येही १६ जीबीची एकच काडी दिलेली असते असा प्रकार सर्रास दिसतो. त्याने खासकरून प्रोसेसरवर चालणाऱ्या व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ सारख्या गेममध्ये फ्रेम पडतात. दुसरा स्लॉट मोकळा आहे की रॅम बोर्डावर कायमची बसवलेली आहे, हे विचारूनच पैसे द्या.

डेस्कटॉपच्या कोटेशनमध्ये सगळ्यात आधी एसएमपीएसची, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याची, ओळ वाचा, कारण काटछाट तिथेच होते. कॅबिनेटसोबत 'फुकट' आलेल्या एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत '४५० वॅट' छापलेलं असतं. बाजूचं लेबल बघा: १२ व्होल्टच्या रकान्यात १६ अँपियर लिहिलेले असतील तर १२ गुणिले १६ म्हणजे १९२ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर दोघंही १२ व्होल्टवरच जगतात, त्यामुळे त्याची खरी ताकद एवढीच. गेम लोड होताना मशीन एकदम बंद पडून पुन्हा सुरू होतं, त्यामागे बहुतेकदा हेच असतं. ५०६० किंवा ५०६० टीआयला नावाजलेल्या कंपनीचा ५५० वॅटचा, ८० प्लस ब्राँझ प्रतीचा (हा वीज कमी वाया घालवण्याचा दर्जा) एसएमपीएस पुरतो. पुढे मोठं कार्ड टाकायचा विचार असेल तर ६५० घ्या.

वीज, लोडशेडिंग आणि अर्थिंग

५०६० चा डेस्कटॉप मॉनिटर धरून गेम खेळताना साधारण २८० वॅट ओढतो, तशाच कार्डाचा लॅपटॉप १७०. रोज चार तास खेळलं तर महिन्याला एकाचे ३३-३४ युनिट, दुसऱ्याचे २०-२१. फरक तेरा युनिटांचा. महावितरणच्या बिलात तुम्ही १०० किंवा ३०० युनिटांच्या कडेवर असाल तर हे तेरा युनिट वरच्या दराने लागतात, बाकी एवढ्यासाठी डेस्कटॉप नाकारू नये.

लोडशेडिंगचं मात्र तसं नाही. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर जातो, कार्डाचे वॅट आपोआप उतरतात, फ्रेम घसरतात, पण मॅच सुटत नाही. डेस्कटॉप जागेवर बंद पडतो. त्याला यूपीएस लागणारच, आणि ६०० व्हीएचा चालणार नाही: तो प्रत्यक्षात ३६० वॅटचा असतो आणि भर खेळात भार क्षणभर वाढला की ट्रिप होतो. १००० ते ११०० व्हीएचा घ्या, तो पाच-दहा मिनिटं देतो, म्हणजे मॅच संपवून नीट बंद करण्यापुरतं. घरी आधीच इन्व्हर्टर असेल तर तो प्युअर साइन वेव्ह (घरच्या विजेसारखाच प्रवाह देणारा) आहे का बघा आणि मागचं बटण 'यूपीएस' मोडवर ठेवा. चांगला एसएमपीएस वीज नसताना जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, साध्या मोडमध्ये इन्व्हर्टरला त्याहून जास्त वेळ लागतो आणि मशीन रीस्टार्ट होतं. आणि राउटर त्याच बॅकअपवर घ्यायला विसरू नका. मशीन सुरू आणि नेट बंद, याचा ऑनलाइन खेळणाऱ्याला काहीच उपयोग नाही.

कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर घराचं अर्थिंग तुटलेलं आहे. एसएमपीएसच्या फिल्टरमधली गळती जमिनीत जायची ती पत्र्यावर येते. भाड्याच्या जुन्या खोल्यांत हे फार आढळतं. आधी इलेक्ट्रिशियन बोलवा, मशीन नंतर लावा. तीन पिनांचं अर्थिंग कापून दोन पिनांचा अडॅप्टर लावणं धोक्याचं आहे.

उन्हाळ्यात काय होतं

खोलीचं तापमान दहा अंशांनी वाढलं की चिपचंही जवळपास तेवढंच वाढतं. नागपूर-अकोल्याच्या मे महिन्यात लॅपटॉपला माघार घ्यायला जागाच उरत नाही: प्रोसेसर ९५-१०० अंशांवर पोचतो आणि जीव वाचवायला वेग उतरवतो. खेळ सुरू करून वीस मिनिटांनी फ्रेम पडायला लागल्या तर हेच समजा. उपाय याच क्रमाने करा. लॅपटॉपची मागची कड दोन-तीन सेंटीमीटर उचला, खालच्या जाळ्या मोकळ्या झाल्या की फरक लगेच दिसतो. गेममध्ये फ्रेमरेटला पडद्याच्या रिफ्रेश रेटपेक्षा (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा) तीनने कमी मर्यादा घाला. तरीही भागलं नाही तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये 'मॅक्सिमम प्रोसेसर स्टेट' १०० वरून ९९ टक्के करा. त्याने प्रोसेसरचा टर्बो, म्हणजे तात्पुरता वाढीव वेग, बंद होतो, तापमान चांगलंच उतरतं आणि ग्राफिक्स कार्डावर चालणाऱ्या गेममध्ये फ्रेम फारशा जात नाहीत. व्हॅलोरंटसाठी मात्र ही युक्ती वापरू नका, तिथे प्रोसेसरच लागतो.

डेस्कटॉपला पुढे जाळीचं पॅनेल, दोन पंखे हवा आत घेणारे आणि मागे एक बाहेर टाकणारा एवढं असलं की बहुतेक काम झालं. पुढून पूर्ण काच असलेलं कॅबिनेट देखणं दिसतं, पण हवेची वाट अडवतं.

लॅपटॉप टेबलावर कायम चार्जरला लावून खेळणार असाल तर कंपनीच्या ॲपमधून बॅटरी ८० टक्क्यांवर थांबवा. ट्रॅकपॅड वर आल्यासारखा वाटला किंवा झाकण नीट बसेना, तर बॅटरी फुगली आहे. त्याच दिवशी वापर थांबवा आणि सर्व्हिस सेंटर गाठा.

बिघाड आणि वाढ

डेस्कटॉपमध्ये बिघडलेला भाग तेवढा बदलतो आणि प्रत्येक भागाची वॉरंटी वेगळी असते, बहुतेकांची तीन वर्षं किंवा अधिक. बिलावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या, त्याशिवाय पुढे दाद लागत नाही. लॅपटॉपमध्ये प्रोसेसर आणि ग्राफिक्स चिप मदरबोर्डवरच झाळलेली (सोल्डर केलेली) असते, एक गेली की अख्खा बोर्ड जातो. वॉरंटी बहुधा एकाच वर्षाची, म्हणून तीन वर्षांचं वाढीव कवच खरेदीच्या वेळीच घ्या. पुढच्या वाढीबद्दल बोलायचं तर एएमडीचा एएम५ सॉकेट, म्हणजे मदरबोर्डवरची प्रोसेसर बसवायची जागा, २०२२ मध्ये आला आणि कंपनीने तो २०२७ पर्यंत आणि पुढेही चालवण्याचं जाहीर केलं आहे. आज रायझन ५ ७६०० बसवून तीन वर्षांनी त्याच बोर्डावर नवा प्रोसेसर टाकता येईल.

अमेरिकेतून नातेवाईक येणार असतील तर लॅपटॉप मागवायचा मोह होतो. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप शुल्काविना आणता येतो. मात्र त्या मॉडेलची वॉरंटी भारतात चालते का, हे आधी लेखी विचारून घ्या.

हॉस्टेल, दर सेमिस्टरला बदलणारी खोली, महिन्यातून दोनदा गावाकडे जाणं असं असेल तर १०० वॅटचा ५०६० लॅपटॉप घ्या. मशीन एकाच टेबलावर राहणार असेल तर डेस्कटॉप, आणि कार्ड १६ जीबीचं. 'कधीतरी न्यावा लागेल' एवढ्याच कारणाने लॅपटॉप घेऊ नका. अडीच किलो आणि वर वीटेएवढा चार्जर, तो फारसा कुठे नेला जात नाही.

डेस्कटॉप जोडून आल्यावर पहिल्या सुरुवातीला पडदा काही मिनिटं काळाच राहील. एएम५ बोर्ड तेव्हा रॅमची जुळणी करत असतो, घाबरून बटण दाबू नका. मॉनिटरची केबल मदरबोर्डवर नव्हे, खाली ग्राफिक्स कार्डावर लावा. बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडणारा मदरबोर्डचा सेटिंग मेनू) एक्स्पो चालू करा, नाहीतर ६००० ची रॅम ४८०० वर धावते. विंडोजमध्ये रिफ्रेश रेट ६० वरून मॉनिटरच्या कमाल आकड्यावर न्या. व्हॅलोरंट 'व्हॅन ९००१' ही त्रुटी दाखवत असेल तर बायोसमधल्या टीपीएम किंवा सिक्युअर बूट या सुरक्षेच्या सेटिंग बंद आहेत. त्या चालू करण्याआधी डिस्कची मांडणी जीपीटी या नव्या पद्धतीची आहे याची खात्री करा, जुनी एमबीआर असेल तर आधी विंडोजच्या एमबीआर२जीपीटी आज्ञेने बदला, नाहीतर विंडोज सुरूच होणार नाही. मग लॅपटॉप असो वा डेस्कटॉप, परतीची मुदत संपायच्या आत सलग दोन तास एखादा जड गेम चालवा आणि तापमान, पंख्याचा आवाज, फ्रेम यांची दर अर्ध्या तासाने नोंद ठेवा.