नेटपॅकशिवाय आयफोन 14 : काही महिन्यांचा वापर आणि 7 रुपये 47 पैशांचा हिशेब

आयफोन 14चा कॅमेरा कसा आहे आणि बॅटरी किती वेळ टिकते, याबद्दल 2022 पासून इतके लिहून झाले आहे की त्यात भर घालण्याचे मला काही कारण दिसत नाही. मी लिहितो आहे ते वेगळ्या कारणाने. माझ्याकडचा फोन अमेरिकेत विकत घेतलेला, कोणत्याही मोबाइल कंपनीशी न बांधलेला आहे, आणि मी तो सांगलीत डेटा पॅक न घेता, केवळ कॉल आणि एसएमएसच्या पॅकवर वापरतो. फोनबद्दल माझी तक्रार फारशी नाही, मात्र मोबाइल कंपनीच्या सेवा केंद्रातील गृहस्थांनी, एका एसएमएसला कापलेल्या पैशांचा तपशील मागितल्यावर, नुकतेच मला "पाच रुपयांसाठी कोण एवढं भांडतं, सर?" असे विचारले, आणि त्याचे उत्तर तिथे उभ्या उभ्या देण्याइतके लहान नव्हते.

डेटा पॅक का नको, हे आधी सांगतो. घरी फायबरचे कनेक्शन आहे, ज्या महाविद्यालयात मी हिशेब विभागात काम करतो तिथे वाय-फाय आहे, आणि या दोहोंमधील अंतर स्कूटरवर जाते, जिथे फोन पाहायचाच नसतो. असे असताना रोज दोन जीबी विकत घेऊन रात्री बारा वाजता ते वाया जाऊ देणे माझ्या स्वभावात बसत नाही. पूर्वी याला इलाज नव्हता, कारण कॉल हवे असतील तर डेटाही गळ्यात मारला जाई. 23 डिसेंबर 2024 रोजी ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, नियमांत दुरुस्ती केली आणि केवळ कॉल व एसएमएसचे निदान एक व्हाउचर ठेवणे कंपन्यांना बंधनकारक झाले. अशा व्हाउचरची कमाल मुदतही 90 दिवसांवरून 365 दिवसांपर्यंत वाढली. मी घेतलेला वर्षभराचा पॅक अठराशे रुपयांच्या घरातला आहे. रोज दोन जीबी देणाऱ्या वर्षभराच्या पॅकला तेव्हा 3,599 रुपये पडत होते. निम्म्याने पैसे वाचतात, त्यामुळे थोडी गैरसोय सोसण्याची माझी तयारी होती.

फोन भाच्याने दिला. नवीन घेतल्यावर जुना तो मला ठेवून गेला. अमेरिकेतील फोन स्वीकारताना दोन गोष्टी देणाऱ्याच्या समोरच तपासाव्यात, कारण तो विमानात बसल्यावर त्या अवघड होतात. सेटिंग्जमध्ये 'जनरल' आणि त्यात 'अबाउट' उघडले की 'कॅरियर लॉक' अशी एक ओळ दिसते. तिच्यापुढे 'नो सिम रिस्ट्रिक्शन्स' असेल तरच फोन मोकळा आहे. तिकडे हप्त्यांवर घेतलेला फोन पैसे पूर्ण फिटेपर्यंत बहुधा त्या कंपनीच्या सिमलाच बांधलेला असतो. दुसरे म्हणजे, देणाऱ्याने आपले ॲपल खाते त्यातून काढलेले असले पाहिजे. नाहीतर फोन पुसून नव्याने सुरू केल्यावर तो त्याचाच पासवर्ड मागत बसतो.

या मॉडेलला सिमचा ट्रेच नाही, ही गोष्ट अनेकांना फोन हातात आल्यावर कळते. अमेरिकेत विकला गेलेला 14 केवळ ई-सिमवर, म्हणजे प्लास्टिकच्या तुकड्याऐवजी फोनमध्ये उतरवून घ्यायच्या सिमवर चालतो. फोन सुरू करण्यासाठी मात्र सिमची गरज नाही. घरच्या वाय-फायला जोडला, ई-सिमचा टप्पा 'नंतर करू' म्हणून ओलांडला, आणि ॲपल खात्याचा ओटीपी जुन्या फोनवरील सिमवर आला तो इथे टाकला. व्हॉट्सॲपही याच पद्धतीने आधी सुरू करून घ्यावे, असे मी आग्रहाने सांगेन. त्याचे कारण पुढे आहे.

प्लास्टिकच्या सिमचे ई-सिम करणे म्हणजे नियमांच्या भाषेत सिम बदलणेच होय, आणि सिम बदलल्यावर पहिले 24 तास एसएमएस येणे-जाणे बंद ठेवले जाते. फसवणूक करणाऱ्याने दुसऱ्याच्या नावाने सिम काढले तरी त्याला लगेच ओटीपी मिळू नयेत, हा त्यामागील हेतू योग्यच आहे. परंतु सेवा केंद्रात हे कोणी सांगितले नाही. क्यूआर कोड जुन्या लॅपटॉपच्या पडद्यावर उघडून स्कॅन केला, वाय-फायवरून ई-सिम उतरले, कॉल सुरू झाले. आणि मग बँकेचे ॲप, यूपीआय, जे जे म्हणून एसएमएसवर अवलंबून आहे ते सगळे ठप्प झाले. यूपीआयसाठी तर त्याच फोनमधून, बँकेत नोंदवलेल्या क्रमांकावरून एसएमएस जावाच लागतो, त्यामुळे तिथे जुन्या फोनचाही उपयोग नव्हता.

दुसऱ्या दिवशी एसएमएस सुरू झाले आणि माझा खरा वाद तिथून सुरू झाला. आयमेसेज (संदेश) आणि फेसटाइम (व्हिडिओ कॉल) या ॲपलच्या दोन सेवांना आपला क्रमांक जोडायचा तर फोन आपल्या नकळत एक एसएमएस पाठवतो. तो भारतातून बहुधा ब्रिटनमधील क्रमांकावर जातो, म्हणजे आंतरराष्ट्रीय ठरतो. फोन त्याआधी "यासाठी तुमची कंपनी शुल्क आकारू शकते" अशा अर्थाची सूचना देतो, त्यामुळे फोनकडे बोट दाखवता येत नाही. पॅकमधील 3,600 एसएमएस देशांतर्गत आहेत. हा एसएमएस त्यातून जात नाही, टॉपअप करून भरलेल्या मूळ खात्यातील शिलकीतून जातो. माझ्या मूळ खात्यात शिल्लक शून्य होती, कारण पॅक घेणारा माणूस हल्ली टॉपअप कशाला करील?

म्हणून 10 रुपयांचा टॉपअप केला. 10 रुपयांत 7 रुपये 47 पैसे मिळतात. हा आकडा कुठून येतो, हे मी कागदावर मांडले : 18 टक्के जीएसटी धरून मूळ रक्कम 8 रुपये 47 पैसे होते, त्यातून 1 रुपया प्रक्रिया शुल्क जाते. आंतरराष्ट्रीय एसएमएसला 5 रुपये. उरले 2 रुपये 47 पैसे, ज्यांतून दुसरा एसएमएस जाऊ शकत नाही. म्हणजे एका एसएमएससाठी खिशातून 10 रुपये जातात, आणि दोन टॉपअपची उरलेली शिल्लक एकत्र केली तरी 4 रुपये 94 पैसे होतात. तिसऱ्या एसएमएसला 6 पैसे कमी पडतात! हा हिशेब ज्याने ठरवला असेल त्याला मी मनातून दाद दिली.

एवढ्यावर भागले असते तर मी गप्प बसलो असतो. पण सिमची मांडणी बदलली किंवा सेटिंग्ज पूर्ववत केल्या की फोन हा एसएमएस पुन्हा पाठवू शकतो, आणि कधी कधी नव्या आवृत्तीनंतरही पाठवतो. एका अपडेटनंतर शिल्लक पुन्हा कापली गेली. खात्याच्या तपशिलात तारीख, वेळ आणि 5 रुपये एवढेच दिसत होते. एसएमएस कोणत्या क्रमांकावर गेला, ते मागूनही मिळेना. भाच्याला फोन केला तर तो हसला. "मामा, फेसटाइमला नंबर लागतच नाही. ईमेल पत्ता ठेवा, नंबरची खूण काढा. आणि आयमेसेज तुम्हाला हवंय कशाला?" त्याचे म्हणणे खरे होते. माझ्या ओळखीत आयमेसेज वापरणारे त्याच्याशिवाय कोणी नाही. मी आयमेसेज बंद केले, फेसटाइम ईमेलवर ठेवले, आणि त्यानंतर शिलकीला कोणी हात लावलेला नाही. आयमेसेज पहिल्याच दिवशी बंद ठेवावे, असे मी डेटा पॅक नसलेल्या प्रत्येकाला सांगेन. डेटा पॅकवाल्यांचेही 5 रुपये असेच जातात. ते शिल्लक पाहत नाहीत, एवढेच.

मूळ खात्यात शिल्लक असेल तर 'मोबाइल डेटा' बंद आहे ना, हेही पाहावे. पॅक नसताना डेटा चालू राहिला तर मूळ दराने शुल्क लागण्याची शक्यता असते, आणि त्या दराने सात रुपये टिकणारे नाहीत.

इथपर्यंत वाचून मी या व्यवस्थेला कंटाळलो असेन असे वाटेल, आणि तेव्हा तसे झालेही होते. वर्ष संपले की गुपचूप डेटा पॅकवर परत जायचे, असे मी ठरवले होते. मत बदलले ते वाय-फाय कॉलिंगमुळे, म्हणजे सिग्नलऐवजी वाय-फायवरून साधा कॉल करण्याच्या सोयीमुळे. आमच्या महाविद्यालयाचा जुन्या दप्तरांचा कक्ष तळघरात आहे; तिथे कोणत्याच कंपनीचा सिग्नल कधी पोहोचला नाही आणि लेखापरीक्षणाच्या दिवसांत मी तिथेच असतो. सेटिंग्जमध्ये वाय-फाय कॉलिंग चालू केल्यावर कंपनीच्या नावाशेजारी 'वाय-फाय' असे दिसू लागले, आणि तळघरात, दप्तरांच्या गठ्ठ्यांमध्ये, घरून फोन आला. आवाज बाहेरच्यापेक्षा स्वच्छ. आपल्याकडे ही सोय 2019 च्या डिसेंबरपासून आहे, तिला वेगळे शुल्क नाही, डेटा पॅक नाही, वेगळे ॲप नाही; माझ्या जुन्या स्वस्त फोनमध्ये ती नव्हती, म्हणून मला तिचा पत्ता नव्हता. केवळ यासाठी हा फोन ठेवावा, असे माझे आजचे मत आहे.

बाजारातील पैशांचा प्रश्न मात्र पूर्ण सुटलेला नाही. भाजी मंडईत वाय-फाय नसते. *99# डायल करून बँक खात्यातून पैसे पाठवण्याचा मार्ग 2014 पासून देशभर आहे, त्याला इंटरनेट लागत नाही, एका व्यवहाराची मर्यादा 5,000 रुपये आहे आणि 2022 पासून त्याचे शुल्कही ट्रायने शून्य केले आहे. तो माझ्या सिमवर चालतो. पण त्यात क्यूआर कोड स्कॅन होत नाही; मोबाइल क्रमांक किंवा यूपीआय आयडी टाकावा लागतो. नेहमीच्या भाजीवाल्या मावशींना मी त्यांच्या क्रमांकावर 60 रुपये पाठवले, माझ्या बँकेचा एसएमएस दाखवला, आणि त्या म्हणाल्या, "स्पीकर बोलला न्हाई, सर." स्पीकर त्यांच्या क्यूआर कोडच्या खात्याला जोडलेला होता आणि क्रमांक मुलाच्या खात्याला. मुलाला फोन करून खात्री होईपर्यंत मागे चार गिऱ्हाइके ताटकळली. तेव्हापासून मंडईत मी रोख देतो. किराणा दुकानदार ओळखीचा आहे. त्याने आपले वाय-फाय उघडून दिले आहे.

नकाशांचे म्हणाल तर गूगल मॅप्समध्ये सांगली-कोल्हापूर भाग घरी उतरवून ठेवला आहे. जीपीएसला डेटा लागत नाही, फक्त डेटाशिवाय पहिली जागा सापडायला थोडा अधिक वेळ जातो. उतरवलेल्या नकाशावर गाडीचा रस्ता मिळतो, पायी चालण्याचा नाही. मिरज स्थानकावर रेल्वेच्या रेलटेल कंपनीचे वाय-फाय ओटीपी टाकून अर्धा तास फुकट मिळते आणि ओटीपी एसएमएसने येत असल्याने त्यात अडचण नाही.

राहिली तक्रार. कोणत्या क्रमांकावर एसएमएस गेला ते कळवा, एवढीच माझी मागणी होती. कंपनीने ती नोंदवून घेतली आणि पुढे "आपल्या शंकेचे निरसन झाले आहे" असा संदेश पाठवून बंद केली. ट्रायच्या 2012 च्या विनियमांनुसार तक्रार केंद्राच्या वर प्रत्येक कंपनीत एक अपील प्राधिकरण असते, आणि तिथे अपील करायला शुल्क लागत नाही. तपशिलाच्या पानाची छापील प्रत जोडून मी अपील दाखल केले आहे. निर्णयासाठी 39 दिवसांची मुदत आहे. ती अजून संपलेली नाही.