चार टर्मिनल, आत कॉइल एकच: इंदूरमध्ये 4,550 रुपये गेले

जुन्या जीपच्या डॅशबोर्डखाली एकच स्पीकर मावतो. गाडीच्या स्टिरिओ सेटचे डावा-उजवा दोन्ही चॅनेल त्यातूनच ऐकायचे तर ड्युअल व्हॉइस कॉइलचा स्पीकर लागतो: कोन एक, त्याला हलवणाऱ्या कॉइल दोन, प्रत्येकीला आपला चॅनेल. सियागंजातल्या एका दुकानात तोच मागितला. स्पीकर 2,850, फिटिंग 300. निघाला साधा, एका कॉइलचा! टर्मिनल चार, पण दोन्ही जोड्या आतून जोडलेल्या.

म्हणजे दोन्ही चॅनेलचे आउटपुट थेट एकमेकांवर. डावी-उजवीकडे वेगळा सिग्नल आला की एक अ‍ॅम्प्लिफायर दुसऱ्यात करंट ढकलतो, मध्ये अडवायला काहीच नाही. सेटमधली अ‍ॅम्प्लिफायरची आयसी (चिप) तापते, सेट बंद पडतो, गार झाला की लागतो, मग एक दिवस लागतच नाही. आयसी आणि मजुरी 1,400.

दुकानात वाजवून दाखवलं होतं की! पण लावलं जुनं मोनो गाणं. दोन्हीकडे सिग्नल सारखाच, मग सेट तापेल कशाने? ही चलाखी तेव्हाच ओळखायला हवी होती. त्याहून चीड येते ती टर्मिनलपासून कोनवर जाणाऱ्या वेणीच्या तारांची. दोन कॉइल म्हटल्या की त्या चार हव्यात. दोनच होत्या, हातभर अंतरावर, उजेडात. हे काम माहीत असून नजर गेली नाही. दिवाळीची गर्दी होती, मल्टीमीटर घरी होता, डब्यावर ‘4+4 ओहम’ छापलं होतं. छापलेलं खोटं असेल असं कोणाच्या मनात येतं?

सेटला जोडण्याआधी मीटर लावा. 4 ओहमच्या कॉइलला प्रत्येक जोडीवर साडेतीन ओहमच्या आसपास दिसायला हवेत, आणि एका जोडीतून दुसरीत काहीच नाही. तिथे बीप वाजला की स्पीकर परत.

परत घेतोय कोण! “भिया, बिका हुआ माल वापस नहीं होता.” ठाण्यात म्हणाले, आपसांतला मामला आहे. तक्रारीच्या नंबरावर तीनदा तेच सांगितलं. शेवटी ‘दुकानदाराने उत्तर दिले’ म्हणून तक्रार बंद. काय उत्तर दिलं, ते कोणी सांगेना. दुसरीकडे तक्रारीच्या खिडकीवर पक्कं बिल मागितलं. अहो, बिल दिलंच नाही हीच तर तक्रार! 2019 च्या ग्राहक कायद्यात पावती न देणं हीच अनुचित व्यापार प्रथा आहे, आणि बिलावर मुदत नसेल तर सदोष माल 30 दिवसांत परत घ्यावा लागतो. खिडकीवरच्या माणसाला हे आपण वाचून दाखवायचं? कच्च्या चिठ्ठीवर पैसे देऊ नका. बिलावर ‘ड्युअल व्हॉइस कॉइल’ हे शब्द लिहूनच घ्या.

कोणी डाव्या-उजव्या चॅनेलच्या “दोन्ही तारा पिळून देतो” म्हणाला तर गाडीला हात लावू देऊ नका. स्पीकरची मायनस तार गाडीच्या बॉडीला जोडणंही नको. कार सेटच्या प्रत्येक चॅनेलच्या प्लस-मायनस दोन्ही तारांवर सहाएक व्होल्ट असतात. ड्युअल कॉइलचा स्पीकर मिळालाच नाही तर सेटच्या मागच्या आरसीए सॉकेटमधून (वेगळ्या अ‍ॅम्प्लिफायरसाठीचं आउटपुट) सिग्नल घ्या, डाव्या-उजव्या तारेत 1 किलोओहमचा एकेक रेझिस्टर घालून पुढची टोकं जोडा आणि मोनो, म्हणजे एकाच चॅनेलच्या अ‍ॅम्पला द्या; साधा स्पीकर त्या अ‍ॅम्पवर. रेझिस्टर दोन-चार रुपयांचे.