सिव्हिल लाइन्समधली कोर्टाच्या कागदांची भाषांतरसेवा: टायपिंग चोख, शब्दांत घोळ

जिल्हा न्यायालयातले पुष्कळ कागद मराठीत, उच्च न्यायालयाच्या खंडपीठाचं काम मात्र इंग्रजीत. त्यामुळे अपिलाच्या वेळी फिर्याद, पंचनामा, निकालपत्र इंग्रजीत करून देणाऱ्यांची नागपुरात कायम गरज पडते. सिव्हिल लाइन्समधल्या या सेवेचा दर पानामागे आहे, हस्तलिखिताला जास्त. पोलिसी हस्ताक्षर लावण्यात ही मंडळी तयार आहेत. तारखा, गुन्हा क्रमांक, शिक्के, सह्यांच्या जागा, सगळं जिथल्या तिथे. गडबड होते ती जवळजवळच्या शब्दांत, आणि तीच महागात पडते.

‘जबरी चोरी’ आणि ‘दरोडा’ या दोन्हींना इथे ‘रॉबरी’ लिहिलं जातं. जबरी चोरी म्हणजे रॉबरी बरोबर, पण तीच पाच किंवा अधिक जणांनी मिळून केली की तो दरोडा, म्हणजे ‘डकॉयटी’. भारतीय न्याय संहितेत कलमं वेगळी, ३०९ आणि ३१०. दरोड्याला जन्मठेपही होऊ शकते. ‘घरफोडी’ला दिलेला ‘बर्गलरी’ हा शब्द इंग्लंड-अमेरिकेच्या कायद्यातला, आपल्याकडे ‘हाउस-ब्रेकिंग’. आणखी एक: न्याय संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली, त्याआधीच्या गुन्ह्याला भारतीय दंड संहितेची जुनीच कलमं लागतात. ती बदलून नवी टाकू नका, हे आधीच बजावून ठेवावं.

‘जामीन’ हा शब्द तर फारच फसवा. ‘जामीन मिळाला’ म्हणजे ‘बेल’, पण ‘भाऊ जामीन राहिला’ म्हणजे भाऊ जामीनदार, ‘शुअरिटी’. इथे दोन्हीकडे ‘बेल’ आलं, आणि वाचणाऱ्याला भाऊच आरोपी वाटला. ‘जातमुचलका’ म्हणजे ‘पर्सनल बाँड’. तिथे जामीनदाराचा संबंधच नसतो.

‘ताब्यात घेतले’ याचं सरसकट ‘अरेस्टेड’ करणं धोक्याचं. अटकेनंतर २४ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभं करावं लागतं. कितीला ताब्यात घेतलं आणि कितीला अटक दाखवली, यावरच वाद असेल तर भाषांतराने तो परस्पर मिटवून टाकायचा नसतो.

निकालपत्रातली ‘शिक्षा’ही नीट पाहा. दोषी ठरणं म्हणजे ‘कन्व्हिक्शन’, सुनावलेली शिक्षा म्हणजे ‘सेंटेन्स’. सेंटेन्सला स्थगिती मिळाली तरी कन्व्हिक्शन कायम राहतं, आणि सरकारी नोकरी असलेल्याला नेमकं तेच नडतं.

सेवा टाकाऊ नाही. वेगासाठी आणि नीटनेटकेपणासाठी पाचपैकी तीन. कागद देण्याआधी मूळ प्रतीवर हे शब्द पेन्सिलीने गोल करून द्या, शेजारी हवा तो इंग्रजी शब्द लिहा आणि सही-शिक्क्याआधी कच्चा मसुदा मागा. शिक्का बसल्यावर दुरुस्ती निघाली, तर तेवढ्यासाठी अख्खं पान पुन्हा करावं लागतं.