हॉवर्ड हिल धाटणीचा लाँगबो: मागणी देण्याआधी पाउंडेजचं बघा

हिल धाटणीचा लाँगबो म्हणजे ६६ ते ६८ इंच लांबीचं, जवळजवळ सरळ धनुष्य. आत बांबूच्या किंवा लाकडाच्या पातळ पट्ट्या, पुढून-मागून फायबरग्लासचा थर, लिंब (मुठीच्या वर-खाली वाकणाऱ्या दोन भुजा) अरुंद पण जाड, मूठ सरळ किंवा किंचित खोलगट आणि बाण टेकवायला लहानशी खाच. पिस्तुलासारखी घडवलेली मूठ नाही, नेम धरायची साइट नाही, तोल सांभाळणारा स्टॅबिलायझर नाही. अमेरिकेत हे हातानं बनवणारे कारागीर अजून बरेच आहेत. किंमत काही शे डॉलरपासून हजारापर्यंत जाते आणि मागणी दिल्यावर बहुधा काही महिने थांबावं लागतं.

वस्तू म्हणून हे धनुष्य चांगलं आहे, त्याबद्दल पुढे लिहिलंच आहे. पण त्याची खरेदी ज्या भक्तिभावानं होते, त्यात मोठा धोका आहे. पाउंडेज, म्हणजे धनुष्य ओढायला लागणारा पौंडांतला जोर, ठरवताना गिऱ्हाईक स्वतःच्या खांद्याचं आणि हाताचं माप देत नाही, हॉवर्ड हिल यांचं देतं.

हिल (१८९९–१९७५) अमेरिकेतल्या अलाबामाचे तिरंदाज. सलग १९६ फील्ड स्पर्धा जिंकल्याचा विक्रम त्यांच्या नावावर सांगितला जातो. १९३८ च्या ‘द अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ रॉबिन हूड’मधली बाणांची कामं त्यांनी केली आणि पुढे आफ्रिकेत शंभर पौंडांहून जड धनुष्यानं हत्तीही मारले. त्यांची नेहमीची धनुष्यं ऐंशी पौंडांच्या पुढची असत. देह धिप्पाड, आणि लहानपणापासून आयुष्यभर रोजचा सराव. हे दोन्ही बाजूला ठेवून नुसता आकडा उचलला जातो. ‘निदान सत्तर तरी हवेच’ म्हणणारे नवशिके पारंपरिक शिकारीच्या वर्तुळात नेहमी भेटतात.

सत्तर पौंडांनी नेमकं काय बिघडतं? दोरी हनुवटीच्या किंवा ओठाच्या कोपऱ्यावरच्या अँकरपर्यंत, म्हणजे ओढ संपते त्या ठरलेल्या जागेपर्यंत, येतच नाही. हात दोन-तीन इंच आधी थांबतो, खांदा वर चढतो, कोपर खाली पडतं आणि बोटं दोरी धरवत नाही म्हणून सोडतात. प्रत्येक वेळी ओढ वेगळी, म्हणून प्रत्येक बाणाचा वेगही वेगळा. असं काही महिने चाललं की मेंदू नेम लागण्याआधीच दोरी सोडायला शिकतो. यालाच टार्गेट पॅनिक म्हणतात. एकदा जडलं की ते निघायला फार वेळ लागतो, आणि त्यावरचा पहिला उपाय हलकं धनुष्य हाच असतो. खांद्यातल्या रोटेटर कफच्या स्नायूंना इजा झाली तर मोसमच जातो.

दुकानात किंवा ओळखीच्या तिरंदाजाकडे एक चाचणी करून बघा. खुर्चीत बसा, धनुष्य आकाशाकडे न उचलता समोर धरा आणि सावकाश अँकरपर्यंत ओढा. तिथे सहा सेकंद थांबा आणि दोरी न सोडता तितक्याच सावकाश परत आणा. हात थरथरला किंवा पाठ मागे झुकली, तर ते वजन तुमचं नाही. मचाणावर थंडीत, जाड कोट घालून, तासभर न हलता बसल्यावर याहून कमीच ओढता येतं. नव्या माणसानं ३० ते ३५ पौंडांच्या टेकडाउन रिकर्व्हवर (टोकं पुढे वळलेलं, लिंब सुटे करता येणारं धनुष्य) सुरुवात करावी आणि लिंब बदलत पाच-पाच पौंडांनी चढावं. लाँगबोची मागणी त्यानंतर द्यावी.

आता मापाचं. धनुष्यावर लिहिलेलं वजन बहुधा २८ इंचाच्या ड्रॉला, म्हणजे दोरी तेवढी मागे ओढल्यावर, मोजलेलं असतं. हे २८ इंच म्हणजे मुठीच्या सर्वांत खोल बिंदूपासून दोरीपर्यंत सव्वासव्वीस इंच, अधिक पावणेदोन. मध्यम उंचीच्या माणसाचा ड्रॉ, तोही कोपर किंचित वाकवून, २६ इंचांच्या आसपास भरतो. या धाटणीत इंचामागे अडीच-तीन पौंडांचा फरक पडतो, म्हणजे ‘२८ ला ५०’ लिहिलेलं धनुष्य तुमच्या हातात ४५ किंवा त्याहून थोडं कमीच असतं. म्हणून कारागिराला ‘माझ्या २६ इंचांना ४५ पौंड’ असं स्पष्ट सांगा आणि लिंबावर तसंच लिहून घ्या. व्हाइटटेल हरणासाठी धारदार टोक आणि जवळचं अंतर असेल तर तेवढं पुरतं. कायद्याची किमान मर्यादा मात्र आधी तपासा. कोलोराडोत ती ३५ पौंड आहे. अलास्कात हरणाला ४०, मूस या थोरल्या हरणाला ५०.

मारताना हे धनुष्य कसं वागतं? लांबी भरपूर असल्यानं बोटं चिमटत नाहीत आणि ओढ सरळ रेषेत वाढते. लिंब जाड असल्यानं पीळ पडत नाही. बाण सोडताना चूक झाली तरी छोट्या रिकर्व्हइतकी शिक्षा मिळत नाही. उचलायला इतकं हलकं की दिवसभर डोंगर चढताना हातात जाणवत नाही. आवाजही कमी. उणीव एकच, पण ठळक: हातात बसणारा झटका. लिंबातली जी ऊर्जा बाण घेऊन जात नाही ती मुठीत येते. उपाय तीन आहेत. बाण धनुष्याच्या पौंडामागे १० ते १२ ग्रेन (वजनाचं लहान माप) वजनाचा ठेवा, त्याहून हलका नको. ब्रेस हाइट, म्हणजे चढवलेली दोरी आणि मूठ यांतलं अंतर, साडेपाच ते साडेसहा इंचांच्या दरम्यान पाव-पाव इंचानं बदलत बघा, कुठेतरी झटका आणि आवाज दोन्ही एकदम कमी होतात. आणि मूठ सुटकेसच्या दांड्यासारखी, तळहाताची टाच खाली दाबून धरा. रिकर्व्हसारखं मनगट उंच ठेवलं तर झटका थेट कोपरात जातो. पकडीच्या बाबतीत हिल यांचं अनुकरण जरूर करा. ती पकड या सरळ मुठीसाठीच आहे.

बाणांत सगळ्यात जास्त घोळ होतो. इथे खाच मध्यरेषेपर्यंत कापलेली नसते, म्हणून बाणाला मुठीला वळसा घालून जावं लागतं आणि त्यासाठी तो लवचीक लागतो. ४५ पौंडांच्या धनुष्याला ४५-५० स्पाइनचा (स्पाइन म्हणजे दांड्याचा कडकपणा, तोही पौंडांत) देवदारी बाण घेतला तर तो उजव्या हाताच्या तिरंदाजाला हमखास डावीकडे जातो. हिशेब असा: मध्यापर्यंत कापलेलं नाही म्हणून पाच पौंड वजा, डॅक्रॉनची, म्हणजे किंचित ताणणाऱ्या कृत्रिम धाग्याची, दोरी असेल तर आणखी पाच वजा. बाण २८ इंचांहून आखूड कापला तर तो इंचामागे सुमारे पाच पौंडांनी कडक होतो, हेही धरा. म्हणजे शोध ३५-४० पासून सुरू करावा. पोर्ट ऑरफर्ड सिडरचे ११/३२ इंच जाडीचे, एकाच वजनाचे डझनभर दांडे घ्या. नॉकिंग पॉइंट (दोरीवर बाण अडकवायची खूण) काटकोनापासून अर्धा इंच वर बांधा. मग दहा-पंधरा यार्डांवरून पिसांचे तीन आणि बिनपिसांचा एक बाण मारा. बिनपिसांचा उजवीकडे लागला तर बाण कमजोर, डावीकडे लागला तर कडक. डावखुऱ्यांनी उलटं वाचावं. ही चाचणी धड सोडता येत असेल तरच खरं सांगते, आणि जड धनुष्य तर धड सोडूच देत नाही.

दुसरी भक्ती जड बाणांची आहे. डॉ. एड अ‍ॅशबी यांनी आफ्रिकेत आणि इतरत्र वर्षानुवर्षं खऱ्या जनावरांवर बाणांचा भेद तपासला. त्यातून जाड हाड फोडण्यासाठी साधारण ६५० ग्रेनचा उंबरठा पुढे आला. काम मोलाचं आहे. पण हा आकडा हाडावर बसणाऱ्या बाणाचा आहे, आणि तो मंत्रासारखा सगळ्या धनुष्यांना लावला जातो. ४५ पौंडांच्या लाँगबोतून ४५० ग्रेनचा बाण सेकंदाला १५० फुटांच्या आसपास जातो, ६५० चा १३० च्या. हरीण २० यार्डांवर समजून मारलं आणि ते २३ वर निघालं, तर पहिला बाण सुमारे पाच इंच खाली लागेल, दुसरा सात. हरणाच्या हृदय-फुप्फुसाचा भाग जेमतेम आठ ते दहा इंच व्यासाचा. नेम मध्यावर धरला असेल तर पहिला काठावर बसतो, दुसरा बाहेर जातो. त्याचा अर्थ जखमी होऊन निसटलेलं जनावर. तेव्हा हरणासाठी ४५० ते ५५० ग्रेन पुष्कळ झाले. टोकाबाबत मात्र हिल आणि अ‍ॅशबी दोघांचंही ऐकावं: दोन पात्यांचं, रुंदीच्या तिप्पट लांबीचं, आणि दंडावरचे केस सहज उतरतील इतकी धार. बोथट टोकाला कितीही वजन दिलं तरी ते शिरा कापत नाही, नुसतं ढकलतं.

अंतराचा प्रश्न याहून गंभीर आहे. हिल यांच्या शंभर यार्डांपलीकडच्या नेमांच्या कथा सांगितल्या जातात. दीडशे फूट वेगाचा बाण ४० यार्ड जायला पाऊण सेकंदाहून जास्त घेतो. दोरीचा आवाज हरणापर्यंत त्याच्या कितीतरी आधी पोचतो आणि ते उडी घेण्यासाठी खाली दबतं. हिल कितीही थोर असोत, हरणाचे कान त्यांच्यासाठी मंद नव्हते. तुमचं अंतर ठरवायची पद्धत सोपी आहे: सकाळी वॉर्म-अप न करता मारलेला पहिला बाण सलग दहा दिवस आठ इंचांच्या थाळीत ज्या अंतरावरून बसतो, ते तुमचं शिकारीचं अंतर. बहुतेकांचं ते १५ ते २० यार्ड निघतं. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

पडद्यावरच्या करामतींबद्दलही थोडं. रॉबिन हूडच्या चित्रीकरणात बाण झेलणाऱ्या स्टंटवाल्यांच्या कपड्यांखाली पोलादी पत्रा आणि त्यावर बाल्सा लाकूड असे. बाणानं बाण शेंड्यापासून बुडापर्यंत चिरण्याचा प्रकार साध्या लाकडी बाणावर होत नाही, कारण चीर लाकडाच्या रेषेबरोबर बाजूला निघून जाते. हे बघून अंगणात तसलं काही करायला जाऊ नये, विशेषतः कुणाच्या डोक्यावर किंवा हातात वस्तू ठेवून तर कधीच नाही.

आणि त्या काळाची सगळी शिकार आज करता येत नाही. अमेरिकी धनुर्धारी शिकारी फ्रेड बेअर यांनी १९६६ मध्ये बाणानं ध्रुवीय अस्वल मारलं. १९७२ च्या सागरी सस्तन प्राणी संरक्षण कायद्यानं अमेरिकेत ती वाट बंद झाली. भारतात त्याच वर्षीच्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं शिकारच बंद आहे, तेव्हा पुण्या-नागपुरातल्या वाचकांसाठी हे धनुष्य फक्त निशाणाचं. त्या कामाला ते सुरेख आहे. वर्ल्ड आर्चरी या जागतिक संघटनेच्या थ्रीडी (प्राण्यांच्या पुतळ्यांवर नेम धरायच्या) स्पर्धांत लाँगबोचा स्वतंत्र गट असतो आणि त्यात लाकडीच बाण लागतात. त्यासाठी ३५ पौंड भरपूर.

नावाच्या मोहात जुनं धनुष्य घेणाऱ्यांनी मात्र जपावं. बेअर यांच्या कंपनीचे साठच्या दशकातले कोडियाक रिकर्व्ह किंवा जुने हिल लाँगबो संग्राहकांच्या भावानं विकले जातात, पण फोटोत दोष दिसत नाहीत. दोरी चढवून टोकाकडून बघा, ती लिंबाच्या मधोमध हवी. बोटावर कापूस धरून कडांवरून फिरवा. धागा अडकला तर तिथे फायबरग्लास उचललेलं आहे. आडवी चीर दिसली तर सरळ परत करा. उभ्या बारीक रेषा बहुधा निरुपद्रवी असतात. दोरी डॅक्रॉनचीच लावा. न ताणणाऱ्या आधुनिक दोऱ्यांनी लिंबांची जुनी, मजबुती न दिलेली टोकं फुटतात. दोरी चढवताना नेहमी स्ट्रिंगर (त्यासाठीच मिळणारं साधन) वापरा, पायात अडकवून चढवलं की लिंब पिळतं. उन्हाळ्यात गाडीच्या डिकीत ठेवू नका, उष्णतेनं चिकटवलेले थर सुटतात. आणि बाण न लावता दोरी कधीच सोडू नका. विकणाऱ्यानं तसं करून दाखवलं, तर ते धनुष्य घेऊ नका.